गुरम्माचा उजवा डोळा

सिंधुनं चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला आणि म्हातारीच्या उजव्या भुवईवर डकवला. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ते डॉक्टरांना लांबून कळावं, म्हणून शिबिरातली ही युक्ती. मग फॉर्म मांडीवर घेऊन ती सतरंजीवर बसली.

“अव्वा, जिल्हा सांगा.”

“बिदर.”

गुरम्माचं तसं काही चुकलं नव्हतं. उदगीरजवळच्या त्या गावात ती लग्न होऊन आली, तेव्हा जिल्हा बिदरच होता. पुढं उस्मानाबाद झाला आणि आता लातूर होऊनही तिसरं वर्ष लागलं होतं. छापील फॉर्मावर अजून उस्मानाबादच होतं. सिंधुनं ते खोडलं आणि वर लातूर लिहिलं.

“जिल्हे बदलायला येतंय यांना,” गुरम्मा म्हणाली, “पाऊस तेवढा आणता येईना.”

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. वसतिगृहात तीन दिवसांतून एकदा टँकर यायचा. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन तिथल्याही घागरीत वाटा मागण्यापेक्षा इथंच काहीतरी करू, असं ठरवून बावीस मुली मागं राहिल्या होत्या. शाळेच्या इमारतीत मोतीबिंदूचं शिबिर भरलं, तेव्हा रेक्टरबाईंनी सगळ्यांची नावं देऊन टाकली. बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या झाडायच्या, पाणी उकळायचं, म्हाताऱ्यांचा हात धरून त्यांना मोरीपर्यंत न्यायचं. गृहशास्त्राचा पेपर लिहिण्यापेक्षा हे बरं, असं मुलींचं मत होतं.

नर्सबाई आल्या आणि गळ्यातलं सगळं काढा म्हणाल्या. इथंच घोडं अडलं.

गुरम्माच्या गळ्यात पांढऱ्या वस्त्रात बांधलेलं लिंग होतं. पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं, तेव्हापासून अंगाबाहेर गेलेलं नव्हतं. म्हातारी चवड्यावर उठून बसली आणि चाचपडत चपला शोधू लागली.

“डोळा न्हाई तर न्हाई. लिंग अंगापासून दूर झालं तर मी जिती राहून काय करू?”

तोडगा काढला महादेवीनं. महादेवी उदगीरच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, लिंगायत, सिंधुच्याच खोलीतली. गळ्यात नको ना, मग अव्वाच्या डाव्या मुठीत राहू द्या, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. सुईनं अंग सैल पडेल आणि मूठ सुटेल, तर कुणीतरी ती मूठ वरून धरून उभं राहील. डॉक्टर घाईत होते. हात धुऊन या आणि बोलू नका, एवढंच म्हणाले.

“पण धरणारी आपल्यातलीच पाहिजे,” गुरम्मानं बजावलं.

“मीच धरते की, अव्वा,” महादेवी म्हणाली.

आणि तासाभरात तिला जीपमधून जळकोटच्या बाजूला पेशंट आणायला पाठवलं. जीप वाटेत तापली. रेडिएटरला पाणी मागावं तर माणसाला प्यायला नाही, गाडीला कोण देणार? इकडं गुरम्माचा नंबर पुकारला गेला. पापण्यांचे केस कापून झाले होते, थेंब घालून झाले होते. गुरम्मा टेबलावर आडवी झाली, तोंडावर कापड आलं, आणि डावी मूठ छातीवर घट्ट धरून म्हणाली, “महादेवी आली का?”

खोलीत सिंधु होती. सिंधु मुखेडकडची, बौद्ध घरातली. नर्सनं तिच्याकडं पाहिलं, डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं.

“आले, अव्वा,” सिंधु म्हणाली आणि दोन्ही हातांनी ती मूठ धरली.

वीस मिनिटं ती तशीच उभी होती. मूठ मधेच ढिली पडली, तेव्हा तिनं ती अलगद मिटून धरली. लिंगाला तिचं बोटसुद्धा लागलं नाही. तिनं लागू दिलं नाही. आपल्याला कुणाची फसवणूक करायची नव्हती, हे तिला स्वतःलाच सांगून ठेवायचं होतं.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली. डॉक्टरांनी सिंधुलाच दम दिला.

“सहा दिवस. रडणं नाही, खोकणं नाही, चिडणं नाही. टाका सुटला तर डोळा गेला म्हणून समज.”

खरं सांगायची वाट तिथंच बंद झाली.

महादेवी संध्याकाळी आली आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली. आता माणूस बदलला तर आवाज बदलणार, आवाज बदलला तर म्हातारी चिडणार. तेव्हा पट्टी निघेपर्यंत सिंधुनंच महादेवी व्हायचं ठरलं. वर्गातल्या मुलींना ताकीद दिली गेली. त्या इमानानं “महादेवी, महादेवी” म्हणून हाका मारायच्या, दोघीही ओ द्यायच्या आणि मग पाणी गाळायचं फडकं तोंडात कोंबून हसायच्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सिंधुचं चुकलं. तिनं थेट चहाच पुढं केला.

“आदी पूजा की गं,” गुरम्मा म्हणाली. “तुमच्या घरी चहा आदी घेतेत व्हय?”

“हॉस्टेलला राहून सवय मोडली, अव्वा.”

त्या दुपारी महादेवीनं तिची शिकवणी घेतली. तळहातावर लिंगाच्या जागी चिंचोका ठेवून दाखवला. पाणी किती, भस्म कसं, बेलाचं पान नसलं तर काय. सिंधुच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तिच्या बापानं हे बघितलं असतं तर आधी रागावला असता आणि मग कदाचित हसलाही असता. पण सिंधुनं मन लावून शिकून घेतलं. रोज सकाळी ती म्हातारीला उशाशी टेकवून बसवायची, मान हलू नये म्हणून मागून हात द्यायची आणि चमचाभर उकळलेलं पाणी गुरम्माच्या उजव्या हातात सोडायची. पुढचं गुरम्मा स्वतः करायची. तेवढ्या चमचाभर पाण्यात तिची पूजा व्हायची, आणि तेच पाणी ती तीर्थ म्हणून पिऊन टाकायची. दुष्काळाला न जुमानणारी अशी पूजा सिंधुनं पहिल्यांदाच बघितली.

मग गप्पा व्हायच्या. पट्टी बांधलेल्या माणसाला दुसरं काय असतं?

“आई काय करती तुझी?”

सिंधुला दुकानदाराची बायको काही रचता येईना. आईच्या बाबतीत खोटं तिच्या तोंडून निघालंच नाही.

“रोजगार हमीवर जाते. खडी फोडते.”

“दुष्काळानं कुणालाच सोडलं न्हाई बघ. आमच्या गावची पाटलीणबाईसुदिक पाटी उचलून राहिली,” गुरम्मा म्हणाली. “उन्हात बसावं लागत असंल.”

“हाव. मागल्या पंधरवड्यात पायावर धोंडा पडला तिच्या. अंगठा ठेचला.”

“मग? दवाखाना?”

“न्हाई गेली. फडकं बांधून बसली कामावर.”

“आणि तू हितं माझी उष्टी काढत बसलीस व्हय गं?” गुरम्मा म्हणाली आणि चाचपडत तिचा दंड शोधून त्याच्यावर हात ठेवला. “तिला लिही, हळद-तेल कोमट करून बांध म्हणावं. पाणी लागू देऊ नको म्हणावं. पाण्याचा तर सवालच न्हाई म्हणा.”

सिंधुनं त्याच दिवशी कार्ड टाकलं. आईला वाचता येत नव्हतं, शेजारचा पोस्टात काम करणारा माणूस वाचून दाखवायचा. त्यानंतर रोज सकाळी पूजा झाली की गुरम्माचा पहिला प्रश्न तोच असायचा.

“आईच्या पायाचं काही कळलं का?”

वसतिगृहात तीन वर्षांत सिंधुला तिच्या आईबद्दल एवढं कुणी विचारलं नव्हतं. ते ऐकायला ती सकाळची वाट बघू लागली, आणि तिथंच तिचा जीव अडकला. ही माया महादेवीसाठी होती. सहाव्या दिवशी पट्टी निघाली की ती महादेवीकडं जाणार होती, आणि जावी हेच ठीक होतं. तरी एकदा, फक्त एकदा, या म्हातारीनं आपल्याला आपल्या नावानं हाक मारावी असं तिला फार वाटायचं.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. पाय बरा आहे, सूज उतरली, असं लिहिलं होतं. सिंधुनं ते वाचलं आणि दप्तरात ठेवून दिलं. उद्या सकाळी सांगू म्हणाली.

पण सकाळी मुलींनी वेगळाच बेत केला. पट्टी सुटताना स्टुलावर महादेवी बसेल. म्हातारीला तोंड दिसेल ते खऱ्या महादेवीचं, आवाजाचं काय ते नंतर बघू. गुरम्माचा मुलगा गुरुपादप्पाही गावाहून येणार होता. उगीच बोभाटा नको. सिंधु हो म्हणाली आणि दाराशी, चौकटीला टेकून उभी राहिली. हातात पाण्याची बादली होती. ती खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

गुरुपादप्पा आला तो सरळ ऑपरेशनचंच विचारू लागला. धोतर, काळी टोपी, हातात केळीचा घड.

“लिंग काढायला लावलं न्हाई न्हवं?”

“न्हाई,” गुरम्मा म्हणाली. “ह्या पोरीनं मूठ धरली माझी. महादेवी. आपल्यातलीच हाय, उदगीरची.”

“मोठं काम केलंस गं माय,” तो महादेवीला म्हणाला. महादेवीनं मान खाली घातली.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. ओल्या कापसानं डोळा पुसला. गुरम्मानं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डॉक्टरांनी बोटं धरली.

“किती?”

“तीन. आणि नखं वाढलीत तुमची.”

सगळा वर्ग हसला. गुरुपादप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला. चष्मा मिळेपर्यंत धूसरच दिसेल, असं डॉक्टर सांगत होते, पण गुरम्माचं तिकडं लक्ष नव्हतं. ती स्टुलावरच्या चेहऱ्याकडं वळली होती. गोरा, गोल, टिकली लावलेला चेहरा. तिनं तो डोळा भरून बघितला आणि विचारलं,

“आईच्या पायाचं काही कळलं का?”

महादेवी गोंधळली. चेहरा बदलायचं मुलींनी नीट ठरवलं होतं, पण आई बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“आईच्या पायाला काय झालंय, अव्वा?” ती म्हणाली. “आई तर दुकानात बसती.”

गुरम्मा तिच्याकडं बघतच राहिली. हसू हळूहळू ओठांवरून उतरलं आणि हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला. डॉक्टर म्हणाले, “आजी, डोळ्याला ताण नको.”

सिंधुला ते बघवलं नाही.

“पाय बरा हाय, अव्वा,” ती दारातून म्हणाली. “सूज उतरली. काल कार्ड आलं.”

गुरम्मानं मान आवाजाकडं वळवली. सिंधुनं बादली ठेवली आणि चार पावलं पुढं आली. आता काही शिल्लक ठेवायचं नाही असं तिनं ठरवलं.

“महादेवी ही हाय. तिची जीप बंद पडली हुती. मी सिंधु. मुखेडकडची. आम्ही बौद्ध हाव. तुमच्या डोळ्याला धोका होता म्हणून सांगितलं न्हाई. चुकलं माझं.”

गुरुपादप्पाचा हात केळीच्या घडावर तसाच राहिला.

“म्हंजे लिंग…” तो आईकडं वळला. “लिंग हिच्या हातात दिलं हुतं?”

खिडकीतून ऊन गुरम्माच्या चेहऱ्यावर येत होतं. सहा दिवसांनी दिसलेल्या उजेडानं असेल किंवा दुसऱ्या कशानं, तिचा डोळा पाणावला होता. नर्स पुढं झाली, तिला तिनं हातानंच थांबवलं.

“लिंग माझ्या हातात हुतं,” ती मुलाला म्हणाली. “हिनं माझा हात धरला हुता.”

गुरुपादप्पानं महादेवीकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं, मग खाली बघून टोपी सारखी केली. तो वाईट माणूस नव्हता. असल्या प्रसंगी काय बोलतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

“डाव्या डोळ्याचं कधी म्हणले रे?” गुरम्मानं विचारलं.

“मार्चात. पुढलं शिबिर मार्चात हाय.”

“मार्चात पोरींच्या परीक्षा असतेत,” गुरम्मा म्हणाली. “सिंधुला इचारून घे आदी. तिची परीक्षा झाल्याबिगर मी टेबलावर चढायची न्हाई.”

महादेवी स्टुलावरून उठून बाजूला झाली. गुरुपादप्पा थोडा वेळ घुटमळला, घसा खाकरला.

“परीक्षा,” तो सिंधुला म्हणाला, “कधी हाय तुमची?”