मी शर्लिनच्या गाडीचा ऑइलर

मी ऑइलर बोलतोय. मोटरसायकलच्या सीटखाली तेलाची छोटी बाटली, तिला तेल कमी-जास्त सोडणारी एक चावी आणि चेनपर्यंत गेलेली बारीक नळी, एवढाच माझा संसार. इंजिन सुरू झालं की मी चेनवर तेल ठिबकवतो, बंद झालं की थांबतो. स्वभावानं मी पक्का चिक्कू, आणि मला त्याचा अभिमान आहे. कारण तेल जास्त झालं तर ते चेनवरून उडून मागच्या टायरवर बसतं, आणि मग गाडी देवाच्या भरवशावर!

पाचूबंदरची शर्लिन रोज मासळीचा क्रेट मागे बांधून उमेळ्यापर्यंत विकायला जाते. बर्फाच्या खारट पाण्यानं तिच्या गाडीची चेन सारखी गंजायची. एकदा भर रस्त्यात तुटलीही. तेव्हा गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजवाल्या धर्मानं मला बसवलं.

शर्लिनचे वडील सॅन्टनकाका. तीस वर्षं बोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस. डोळे अधू झाल्यापासून घरीच असतात, पण हात शिवशिवतात. इंजिनाला तेल कमी पडलं की भर दर्यात घात, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. एका सकाळी ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"यवढ्याशा तेलानं काय होनार? मशिनीचं पोट भरलं पायजे," असं पुटपुटत त्यांनी माझी चावी दोन फेरे उघडली. लेकीच्या काळजीपोटीच हो! मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या तोंडातून तेलच बाहेर पडतं.

शर्लिन निघाली आणि मी सांडत सुटलो. टायर काळं चकाकायला लागलं. सरळ रस्त्यावर तिला काही कळलं नाही. उमेळ्याच्या वळणावर समोरून डंपर आला, तिनं गाडी वाकवली आणि मागचं चाक निसटलं. रस्ताभर बोंबील पसरले. डंपर तिच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर थांबला. मनगट मोडलं, जीव वाचला.

गॅरेजात धर्मानं माझी चावी पाहिली आणि कुणाचा हात फिरला ते ओळखलं. "म्हातारा आधीच खचलाय," असं स्वतःशी म्हणाला. शर्लिनला मात्र त्यानं सांगितलं, "माझीच चूक. चावी आवळायची राहिली."

भला माणूस! पण त्या भलेपणाचा मी धसका घेतला. ज्यानं चावी फिरवली त्यालाच आपली चूक ठाऊक नाही, मग तो हात पुन्हा येणार नाही कशावरून?

आज तो आलाच. शर्लिनचं प्लास्टर निघालं होतं. धर्मा दुरुस्त गाडी दारात लावून चहाला आत गेला, आणि काकांनी बोटांनी चाचपत मला गाठलं. एक फेरा. दोन फेरे. थोड्याच वेळात शर्लिन हेल्मेट घालून बाहेर आली. तिनं इंजिन सुरू केलं. माझी धार लागली.

मागून धर्मा आला. काका त्याला खुशीत म्हणाले, "तू सुकीच ठेवतोस रे चेन. मी चावी खोलली जरा."

धर्माचा चेहरा पडला. त्यानं शर्लिनकडे पाहिलं, मग काकांकडे. बोल रे बाबा, बोल! शर्लिननं गिअर टाकायला पाय खाली नेला, तसं त्यानं झटकन हँडलजवळची किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"काका, त्या दिवशी पण तुम्हीच खोलली होती. तेल टायरवर गेलं, म्हणून ही पडली. मी खोटं बोललो."

"पप्पा?" शर्लिन एवढंच म्हणाली.

काकांनी तिचं बारीक झालेलं मनगट हातात घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. मग माझ्यासमोर भुईवर बसले. "किती पायजे?"

"मिनिटाला एक थेंब."

धर्मानं मला आवळलं, चेन-टायरवरचं तेल पुसून काढलं, गाडी पुन्हा सुरू केली. काकांनी नळीखाली बोट धरलं. मी तेवढा एक थेंब जिवापाड जपून सोडला.

माझं एकच मागणं आहे. आमच्या चावीला खुशाल हात लावा, पण लावलात तर सांगा. आणि दुसऱ्यानं लावलेला दिसला तर झाकू नका.

"एक," काका म्हणाले. "जा पोरी आता."