वर्तुळातला बूट

फर्नने पिशवीतून नवंकोरं कुलूप काढून वर्तुळात बसलेल्या बैठकीच्या मधोमध ठेवलं आणि सगळे असे गप्प झाले, जणू तिने मेलेला उंदीर आणून ठेवला होता.

गप्प होणारच. पन्नास वर्षांपूर्वी हीच बाई, तेव्हा तेवीस वर्षांची, केसांत रानफुलं आणि पाय अनवाणी, या जुन्या घराच्या दारांची सगळी कुलपं उपसून ईल नदीत फेकून आली होती. 'या जमिनीवर कुणी कुणाला कोंडणार नाही,' असं तिनेच स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवलं होतं. ती निळी, वाकडी अक्षरं अजून आहेत.

तेव्हा या हिप्पींच्या वस्तीवर चाळीस जण होते. राजम्याचं एकच मोठं पातेलं चढायचं आणि नोकरी हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. आता अकरा जण उरलेत. टेसा शनिवार-रविवार सॅन फ्रान्सिस्कोहून येणाऱ्या पाहुण्यांना योग शिकवते आणि त्याचे चोख डॉलर घेते. कोल्बी झोपडीत बसून कुठल्याशा कंपनीचं संगणकाचं काम करतो. फर्न त्याला 'दाढीवाला कारकून' म्हणते. अर्थात छप्पर गळत नाही ते या दोघांमुळेच, हेही तिला पक्कं ठाऊक आहे.

"एल्डनसाठी आहे," फर्न म्हणाली. "काल मी शेळ्यांचं दूध काढत होते, तेवढ्यात हा निघून गेला. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. ही तिसरी खेप. सकाळचे दोन तास त्याचं दार बंद राहू दे. दोनच तास मागतेय."

एल्डन तिच्या शेजारीच बसून सगळ्यांकडे पाहून हसत होता. पन्नास वर्षं दोघं एकत्र राहताहेत. लग्नाचा कागद लागतो कशाला, म्हणत तो कधी केलाच नाही. दीड वर्षापूर्वी तो शेळ्यांची नावं विसरला. हल्ली कधीकधी फर्नचंही विसरतो.

वस्तीचा रिवाज असा, की निर्णय एकमतानेच व्हायचा. ज्याला पटणार नाही त्याने पायातला एक बूट काढून वर्तुळात ठेवायचा. तो ज्याचा त्यानेच उचलायचा, आणि तो तिथे असेपर्यंत गोष्ट पुढे सरकायची नाही. एका बुटापायी नवा संडास कुठे खणायचा हे अकरा महिने ठरलं नव्हतं.

फर्नला धास्ती टेसाची होती. टेसा मुसमुसली, पण तिच्या चपला पायातच राहिल्या. कोल्बीही हलला नाही. फर्नने सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात एल्डन वाकला. त्याने सावकाश नाडी सोडली, बूट काढला आणि नीट कुलपाशेजारी ठेवला.

"अरे, त्याचा पाय खाजतोय!" फर्न ओरडली.

"असेल," कोल्बी म्हणाला. "पण बूट तो बूट, फर्न."

"आज वार कुठला ते सांगता येत नाही त्याला!"

"मला तरी कुठे येतं?" टेसा डोळे पुसत म्हणाली. "म्हणून माझा बूट कुणी परत फेकलाय का कधी?"

"तुमचं काय जातंय नियम सांभाळायला? नियम मीच केलाय! उद्या तो बुडाला तर तुमचा नियम जाणार आहे का त्याला काढायला?" आणि इतक्या जणांसमोर फर्नला रडू फुटलं. त्या तेवीस वर्षांच्या पोरीचा तिला भयंकर राग आला. तिला काय कळत होतं? तिचं कुणीच म्हातारं झालेलं नव्हतं.

कोल्बी उठला आणि भिंतीजवळ गेला. तिथे कामांचं लाकडी चाक आहे: कडेला कामं, आतल्या फिरत्या चकतीवर नावं, दर रविवारी एक फेरा. त्याने 'मधमाश्या' हे काम खरवडून काढलं. मधमाश्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, पण पुसायला कुणाचा हात धजला नव्हता. तिथे त्याने रंगाने लिहिलं: 'एल्डनबरोबर चालणं'.

"रोज सकाळी सहा ते आठ," तो म्हणाला. "जाऊ दे त्याला जायचं तिकडे. एक जण बरोबर असेल."

"आणि तुझी नोकरी रे, कारकुना?"

"कंपनी नऊला उघडते."

फर्नने नाक पुसलं आणि कुलूप पिशवीत टाकलं. दुकानदार परत घेईल तर बरं.

चाक फिरवायचा मान वयाने सर्वांत मोठ्याचा. एल्डनला उभं केलं. हाताला सगळं आठवत होतं. त्याने झोकात फेरा दिला. चकती करकरत थांबली, आणि नव्या कामासमोर नाव आलं ते त्याचंच. पन्नास वर्षांपूर्वी त्याने स्वतः कोरलेलं ते नाव काढून टाकायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

सगळे खो खो हसले. एल्डनने ते दोनदा वाचलं.

"हा एल्डन कोण?"

हसणं थांबलं. फर्न म्हणाली, "चांगला माणूस आहे. हल्ली वाट चुकतो जरा."

"मग मी जाईन की त्याच्याबरोबर," असं म्हणून तो एका बुटानिशी दाराकडे निघालासुद्धा. "असं एकटं सोडू नये कुणाला."

फर्नने पन्नास वर्षांत पहिल्यांदाच रिवाज मोडला. वर्तुळातला त्याचा बूट तिने उचलला, कुरकुरत्या गुडघ्यांवर त्याच्यापुढे बसून त्याच्या पायात घातला आणि नाडीला दुहेरी गाठ मारली.

"चल," ती म्हणाली. "मी पण येते."