गच्चीवर बांधलेली गाठ

मंदारचं जहाज बुडालं त्याला अख्खा पावसाळा होत आला, पितृपक्ष तोंडावर आला, तरी त्याच्या आई, कालिंदीबाई, त्याच्या नावानं पाणी सोडू देत नव्हत्या. त्यांचे थोरले भाऊ नानासाहेब गुलमंडीहून येऊन समजावून गेले, की देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पोराला असं अधांतरी ठेवू नये. बाई ऐकून घेत आणि चहा टाकायला उठत.

त्यांची सगळी भिस्त एका फळीवर होती. बाईंचे यजमान मधुसूदनराव निवृत्त ग्रंथपाल. समुद्र कधी पाहिलेला नव्हता, वाचलेला मात्र भरपूर. मंदार बोटीवर निघाला तेव्हा त्यांनी त्याला जुन्या अरब खलाशांचं ‘कमाल’ करून दिलं. छोटी चौकोनी फळी, तिच्या भोकात ओवलेली दोरी, दोरीला एक गाठ. गाठ दातांत धरून दोरी ताणायची. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकली, की आपण घराच्या रेषेवर आलो. मग सरळ पूर्वेला वळायचं. पडेगावच्या घराच्या गच्चीत उभं राहून त्यांनी ती गाठ बांधली होती. मंदार हसला होता. पण जहाजावरच्या बचावलेल्या सोबत्यानं फोनवर सांगितलं, जीवरक्षक होडीत उतरताना ते कमाल त्याच्या गळ्यात होतं.

“तसंच एक मला करून द्या,” बाई म्हणाल्या.

आभाळ उघडल्यावर एका रात्री, त्याच मापाची गाठ बांधलेलं नवं कमाल घेऊन दोघं गच्चीत गेली. बाईंनी गाठ दातांत धरली आणि खालची कड कुठं लावू, असं खुणेनंच विचारलं. रावांनी सवयीनं उत्तरेकडचा डोंगर दाखवला. कड माथ्याला लागली, तारा वरच्या कडेवर नेमका बसला. बाईंचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी फळी खाली घेतली.

“अहो, समुद्रात डोंगर कुठं असतो?”

मंदारची गाठही रावांनी त्याच माथ्याला कड लावून बांधली होती. पुस्तकात क्षितिज लिहिलेलं होतं, आणि त्यांच्या उभ्या आयुष्यात क्षितिज म्हणजे तो डोंगरच. थोडाच फरक पडतो, ते पुटपुटले.

“किती?”

खोटं बोलायला त्यांना जमेना. “दोनशे किलोमीटर. जास्तही असेल. दक्षिणेला.”

“म्हणजे होडीतलं पाणी संपेपर्यंत तो खालीच जात राहिला असेल.” बाईंनी दोरी फळीभोवती नीट गुंडाळली. जहाजावर दुसरी यंत्रं असतात, त्याला हे लागलंही नसेल, असं राव म्हणू लागले; पण होडीत ती कुठली, हे त्यांनाच आठवलं.

“नानाला फोन लावा,” जिना उतरता उतरता बाई म्हणाल्या. “पळसाची पानं घेऊन ये म्हणावं.”