टोपलीतली वाम

रॅव्हन्सकर गावच्या मत्स्यालयात त्या शनिवारी दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. तीन वर्षांपूर्वी लोकांना शहाणं करायला ही इमारत उभी राहिली, तेव्हा मासे पाहायला कुत्रंही फिरकलं नव्हतं. मासे मेले, टाक्यांवर फळ्या टाकून नाचणारी कुत्री आणली, तसं अख्खं गाव लोटलं. आता तर प्रोफेसर व्होल्टारी अवतरले होते.

"ही ॲमेझॉनच्या अरण्यातली विजेची वाम मासळी. हिने चाळीस घोडे एका झटक्यात लोळवले, सभ्य स्त्रीपुरुषहो. आज ती तुमचा संधिवात लोळवील."

घोडे कुणी मोजले, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. रोगी एक हात टाकीत बुडवी, दुसऱ्याने पितळी मूठ धरी, किंचाळे आणि बरं वाटलं म्हणून रडे. बँड जोरात वाजे.

कोळीण केझाया थर्लवेल बाजारातून टोपली आणि मासे ओढायची आकडी घेऊन थेट इथे आली होती. समोर सून हेस्टर, तिच्या कडेवर सहा वर्षांची लॉटी. डॉक्टरने लॉटीच्या हाड किडलेल्या गुडघ्याला लोखंडी पट्टी बांधली होती आणि वर्षभर काढू नका म्हणून बजावलं होतं. लोखंड वीज शोषतं, असं या प्रोफेसराने सांगताच हेस्टरने ती काढली. पंधरा दिवसांत गुडघा टरटरून सुजला होता.

"पट्टी बांध गं परत," केझाया चौथ्यांदा म्हणाली.

"डॉक्टरने काय दिवे लावले, सासूबाई? इथे निदान रोज काहीतरी होतंय तिला."

"होतंय ते रडणं."

तेवढ्यात केझायाची नजर टाकीत गेली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जबड्यावरची गळाची जखम तिच्या ओळखीची होती. ही वाम तिनेच तीन आठवड्यांपूर्वी इथल्या मागच्या दारी जिवंत पोचवली होती. अर्धं गाव दर शुक्रवारी वामीचं कालवण ओरपत होतं, पण काचेआड गेल्यावर ती एकाही शहाण्याला ओळखू आली नाही.

केझाया मंचाच्या पायऱ्या चढली.

"आजीबाई, मागे व्हा. कोळसा होईल तुमचा," प्रोफेसर ओरडला.

"काल असल्या नऊ सोलल्यात मी, बाबा."

तिने कल्ल्यात आकडी घालून वाम बाहेर ओढली, टोपलीत कोंबली आणि वर स्वतः बसली. मग सुनेला म्हणाली, "आता घाल हात. तुझा घाल, पोरीचा नको."

हेस्टरने हात बुडवून मूठ धरली आणि तिलाही झटका बसला.

बँडवाले वाजवायचं विसरले. पाण्यात वामीचा प्रभाव उरलाय, असं प्रोफेसर सांगू लागला, पण बँड थांबल्यामुळे फळीखालची गुणगुण सगळ्यांना ऐकू आली. केझायाने मंचाला खाली लावलेला पडदा उचलला. खाली बॅटरीच्या बरण्या आणि तारेचं गुंडाळं होतं. एक तार मुठीला जोडलेली, दुसरी पाण्यात सोडलेली. तिने आकडीच्या लाकडी दांड्याने तार उखडली. हेस्टरने पुन्हा हात घातला. पाणी नुसतं गार लागलं.

लोक चिडले ते बहुतेक केझायावर, खेळ बुडवला म्हणून. हेस्टर मात्र तिथून थेट डॉक्टरकडे गेली. पाय वाचला, पण गुडघा आता जन्मात वाकणार नाही, पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं, असं त्याने सांगितलं. तिने स्वतःच्या हाताने पट्टी आवळली.

वाचकहो, झटका खरा होता, म्हणून तर माणसं फसली. अंगाला काही जाणवलं तर ते नाकारू नका. फक्त त्यावर लेकराचा पाय पणाला लावण्याआधी एकदा वाम बाहेर काढून बघा.