कडेचं

पितळी वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब पडला, तळाशी जाऊन टेकला, आणि पोपटरावांनी तो अंगठा आणि तर्जनीत धरून वळला. गोळी झाली, पिकल्या बोराच्या रंगाची, मऊ, कडेला किंचित ताठ. ती त्यांनी वाटीच्या काठावर आपटून पाहिली, पुन्हा वळली, नाकाशी नेली... आणि बोटं काहीच बोलली नाहीत.

एकतीस हंगाम ही बोटं बोलत आली होती. कासुर्डीच्या शिवारात आताचा मालक विक्रम, त्याच्या वडिलांनी गुऱ्हाळ घातलं तेव्हापासून पोपटराव तिथले गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळत राहतो, मळी वर येते ती काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी घालायचं, रस दाट होत जातो, बुडबुडे आधी मोठे होतात मग बारीक, आणि मग एक क्षण येतो — त्याच्या अलीकडे नुसती काकवी, पलीकडे करपलेला गोळा — तेवढा ओळखायचा. कसं कळतं, असं कुणी विचारलं तर ते ‘कळतं’ एवढंच म्हणायचे, कारण त्यांना तरी दुसरं काय माहीत होतं? वास असायचा, रसाची फसफस असायची, मानेवर येणारी वाफ असायची, आणि पोपटराव नावाचा माणूस तेवढा वेळ तिथं नसायचाच. तोंडातून ‘उतरा’ निघून गेल्यावर तो परत यायचा.

आता तो जातच नव्हता. पंधरा दिवस झाले, सारखा तिथंच.

“मामा, एकशे सतरा,” काहिलीच्या पलीकडून विक्रम म्हणाला. त्याच्या हातात लांब दांड्याचा थर्मामीटर होता. बोलताना तो पोपटरावांकडे न बघता आकड्याकडे बघायचा, आणि हे तो त्यांचा मान राखण्यासाठी करतोय हे त्यांना समजत होतं. म्हणून ते जास्त लागायचं. “आजून एक डिग्री जाऊ द्यायची का?”

“जाऊ दे.”

एकशे अठराला विक्रमनं मान हलवली, पोपटराव ‘उतरा’ म्हणाले, चौघांनी काहील उतरवली आणि पाक पसरट हौदात ओतला. गूळ चांगला झाला. वाईट होतं ते हेच... गूळ चांगला झाला, आणि त्यात आपण कुठंच नव्हतो.

दोष तसा कुणाचा नव्हता. त्यांची मुलगी समृद्धी शिरूरला खोली घेऊन राहते, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. महिन्यापूर्वी रविवारी घरी आली तेव्हा सांगत होती — कंपनीत कोणी मॅडम आल्या, सगळ्यांच्या हातावर एकेक मनुका ठेवली, म्हणाल्या, पाच मिनिटं नुसती बघा, मग जिभेवर ठेवा, चावू नका, काय काय वाटतंय त्याकडे लक्ष द्या. त्यांची बायको नकुशी चुलीपाशी बसल्या बसल्या खूप हसली होती. एका मनुकेला पाच मिनिटं, मग जेवायला चार दिवस लागतील. समृद्धीही हसली, पण नंतर बापाजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही तर हे जन्मभर करताय. काहिलीपाशी. तुम्हाला फक्त माहीत न्हाई.”

माहीत नव्हतं. माहीत झालं, आणि तिथून सगळं बिघडलं. तिनं शिकवलं तसं ते पहाटे ओट्यावर बसू लागले, श्वास येतो ते बघायचं, जातो ते बघायचं. बरंही वाटायचं. पण बघणारा जो एक होता तो ओट्यावरून उठून त्यांच्या मागोमाग गुऱ्हाळावर यायला लागला. बोटांत गोळी आली की हा वाकून विचारायचा — आता तुला काय वाटतंय? हाच का तो क्षण? आणि ह्याला उत्तर देईपर्यंत क्षण निघून जायचा. पंधरा दिवसांपूर्वी एक अख्खी काहील अशीच करपली. काळा गोळा गुरांपुढे टाकावा लागला. कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी विक्रम थर्मामीटर घेऊन आला. घरी त्यांनी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं.

दुसरी काहील चढली होती. ऊन डोक्यावर आलं, चरकाची घरघर चालू होती, आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी खोल खड्ड्यात उतरून बसलेला उत्तर प्रदेशातला माणूस चिपाडाच्या पेंढ्या आत सारत होता. मळी निघाली, रस पिवळा होत आला. पोपटराव झारा धरून उभे राहिले आणि मनाशी म्हणाले, आज बघायचं नाही, आज फक्त... पण ‘बघायचं नाही’ म्हणणारा तरी कोण? तोच. ते थकले. एकाएकी फार थकले, आणि त्यांनी झारा काहिलीच्या काठावर टेकवून मान वर केली.

कॅनॉलच्या वाटेनं नकुशी येत होती. भाकरीचं फडकं कडेवर, डोक्यावर पदर. रोज ह्याच वेळेला येते. पाचवी मुलगी, नकोशी, म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. लग्नात बदलायचं ठरलं होतं, गडबडीत राहून गेलं, आणि मग तेच रेशनकार्डावर चढलं. पस्तीस वर्षं, हे असतील तिथं, ती ह्यांना भाकरी आणून देते आणि पस्तीस वर्षं हे ‘ठेव तिथं’ म्हणतात.

आज अंगणात तिच्या नेहमीच्या वाटेवर ओलं चिपाड वाळत घातलं होतं. ती त्याच्या काठाशी थांबली. एक पाऊल पुढं टाकलं, टेकवलं नाही... अंगठ्यानं जरासं चाचपलं. मग मान किंचित तिरकी करून चरकाच्या आवाजाकडे वळली आणि चिपाडाला वळसा घालून चालू लागली. त्यात बघण्यासारखं काय होतं? बाई चिपाड चुकवून येत होती. पण पोपटरावांच्या मानेवर काहीतरी आलं, वाफेसारखं, आणि हातातली वाटी कधी खाली ठेवली, काहील कधी सोडली, विक्रम मागून “मामा?” म्हणाला ते ऐकलं की नाही... ते पळत होते, साठीचा माणूस पळतो तसे, गुडघे सांभाळत. आणि पळता पळता मग डोळ्यांना दिसलं की ती सरळ चुलवाणाच्या खड्ड्याकडे निघाली आहे, शांतपणे, चेहऱ्यावर रोजचंच हसू, आणि खड्डा तिच्यापासून तीन पावलांवर आहे.

त्यांनी तिचा दंड धरला.

“आगं बया,” ती म्हणाली. “तुम्ही हिकडं कुठं?”

खड्ड्यातला माणूस वर बघत होता. “मामा, और डालूँ क्या?”

“विक्रमला इचार,” पोपटराव म्हणाले. “त्यो सांगंल तसं कर.”

मग तिचा दंड न सोडता ते तिला लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेले. एकतीस वर्षांत चढलेली काहील त्यांनी कधी सोडली नव्हती. सख्खा भाऊ वारल्याचा निरोप आला होता तेव्हासुद्धा आधी काहील उतरवली होती. आता तिकडे पाठ करून ते बसले. नकुशीनं फडकं सोडलं, भाकरी काढली, पिठलं काढलं, आणि तिचे हात हे सगळं इतकं नेमकं करत होते की क्षणभर त्यांना वाटलं, आपलंच चुकलं. मग त्यांनी पाण्याचा तांब्या मुकाट्यानं उचलून तिच्या डाव्या अंगाला ठेवला. ती उजवीकडे हात नेऊन थांबली. बोटं मातीवर फिरली, एकदा, दोनदा.

“कवापासनं?” त्यांनी विचारलं.

तिनं हात मांडीवर घेतला. “पोळ्यापासनं,” मग म्हणाली. “आधी वाटलं, धूळ गेली आसंल.”

पोळा. म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांत काय काय झालं होतं ते सगळं आता न बोलावता येऊन बसलं — सुई ओवायला शेजारच्या पोरीला दिली ती, यवतच्या बाजाराला जायचं सोडलं ते, टीव्हीसमोर बसून मालिका बघायच्या ऐवजी भिंतीकडे तोंड करून ऐकते ते, आमटीत दोनदा मीठ... आणि दिवाळी. पाडव्याच्या सकाळी तिनं दारात रांगोळी काढली होती, ठिपक्यांची, वाकून वाकून, तासभर. आणि चहा घेऊन बाहेर येताना त्याच रांगोळीवरून ती चालत गेली होती. सोप्यावर चार पाहुणे बसले होते. पोपटराव मोठ्यानं म्हणाले होते, “डोळं फुटलं का तुझं?” पाहुणे हसले होते, आणि तीही हसली होती, कप पुढं करून. कप बरोबर त्यांच्या हातात दिला होता... आवाजावरून दिला होता. बोललो तिथं हात आला. रसाच्या बुडबुड्याचा आवाज फिरला की ज्याला कळतं, त्याला बायकोचं पाऊल फिरलेलं कळलं नाही.

“मधलं दिसतं,” ती सांगत होती. “तुमचं तोंड दिसतंय की आत्ता. कडेचं जातंय. घर सगळं पाठ झालंय मला. न्हाणीपस्तोर अकरा पावलं, कॅनॉलपस्तोर चारशे बारा. तुम्ही कवा रागात येता, कवा दमून, त्ये चपलंवरनं कळतं. न्हाई आडत माझं काय.”

“आत्ता खड्ड्यात गेली आसतीस.”

“चिपाड मधी घातलं म्हनून.”

“सांगायचं न्हाई का?”

“काय सांगायचं?” तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. “आईचं आसंच झालं व्हतं. काचबिंदू. डाक्टर म्हनला, गेलेलं माघारी येत न्हाई. मग तिला सोप्याच्या कोपऱ्यात बसवली. हातातलं एकेक काम काढून घेतलं... मायेनंच घेतलं, वंगाळ कुनी न्हवतं. नऊ वर्सं ती नुसती बसली. कुनी आलं की इचारायची, मी काय करू? आन् सगळी म्हनायची, तुम्ही बसा.”

लिंबाची वाळकी पानं पडत होती.  मोतीबिंदू असेल, त्याचं ऑपरेशन होतं, घटकाभरात होतं, असं पोपटराव म्हणाले. ती ‘आसंल की’ म्हणाली, लहान मुलाची समजूत काढल्यासारखी. बघितल्याशिवाय कळायचं नाही, असं ते म्हणाले.

“व्हय,” ती म्हणाली. “आन् बघितलं की कळंल.”

 ती त्यांच्या तोंडाकडे नीट बघत होती, मान सरळ धरून, जेवढं दिसतं तेवढं पुरतं घेत असावी तशी. “तुमचा हात गेलाय न्हवं?” तिनं विचारलं.

त्यांनी मान वर केली.

“पंधरा दिस झालं. घरला आला की बोटं हुंगायची सवय तुमची. जेवायला बसायच्या आधी. त्यो आवाज येत न्हाई आता.”

अशी सवय आपल्याला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि हिनं तरी कशाला सांगितलं असतं... सांगितलं असतं तर कदाचित ती सवयही गेली असती. त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. हिला कळलं होतं आणि ती गप्प होती. आपल्याला कळलं नव्हतं आणि आपण चारचौघांत बोललो होतो.

“दिवाळीत मी तुला बोललो,” ते म्हणाले. “रांगोळीवरनं.”

“बोलला व्हता.”

“त्ये...”

“जेवा आता,” ती म्हणाली. “पिठलं गार झालं.”

ते जेवले. तिकडे काहील उतरवल्याचा आवाज आला. ह्या वेळी ‘उतरा’ विक्रमच म्हणाला होता. जेवण झाल्यावर पोपटराव त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, आजच्या दिवस तू सांभाळ, मी हिला घरी घेऊन... आणि थांबले, आणि म्हणाले, “हिच्यासंगं घरी जातो.” 

कॅनॉलच्या वाटेला ते नेहमी दहा पावलं पुढं असायचे. आज बरोबर चालायला गेले तर पाय जुळेनात. कधी तिच्या पुढं जायचे, कधी थबकायचे. हात धरावा का? धरला तर ती म्हणेल, बसवायला सुरुवात झाली. नाही धरला तर... त्यांनी हात मोकळा ठेवला, तिच्या हाताजवळ, लागला तर लागेल इतका. उद्या यवतला डोळ्यांचा डॉक्टर बसतो हे त्यांनी दोनदा मनात म्हटलं, आणि एकदा मोठ्यानं. ती ‘बघू’ म्हणाली. समृद्धीला सांगू नका, असंही म्हणाली. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

वळणाशी ती थांबली. “पाणी सोडलंय,” म्हणाली.

कॅनॉल अजून बाभळींच्या आड होता. ना पाणी दिसत होतं, ना आवाज येत होता. कशावरून म्हणतेस, असं विचारायचं पोपटरावांच्या ओठांवर आलं, ते त्यांनी विचारलं नाही. उभे राहिले. मनात भीती होती, उद्याची आणि त्याच्या पुढच्या नऊ वर्षांची. ती भीती कुठंही गेली नव्हती, आणि ती जावी म्हणून ते काही करत नव्हते. बऱ्याच वेळानं कॅनॉलच्या बाजूनं डाव्या गालाला गार लागलं. इतकं थोडं, की आधी ते खरं वाटेना. नकुशी शेजारी उभी होती, घाई न करता, त्यांना ते लागेपर्यंत.