दोन्ही हात वर

सोमवारी सकाळी मी ड्यूटीवर निघालो तो जीव मुठीत धरूनच. चरोद्याच्या रेल्वे यार्डात मी डबे जोडणारा पॉइंट्समन, आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानावर रेफरी. शिट्टी तोंडात असली की मी वाघ. एरवी काय आहे ते माझ्या बायकोला विचारा. त्या सकाळी वंदनाने डबा हातात दिला आणि म्हणाली, "कावून घाबरून राहिले एवढे?"

"काल ओमप्रकाशले लाल कार्ड दिलं ना."

"मंग?"

"आज इंजिनावर तोच हाय."

रेल्वेवाल्याची बायको, तिला पुढचं सांगावं लागत नाही. शंटिंगचं इंजिन डब्यांना टेकलं की मी मध्ये वाकून हवेचे पाइप जोडतो. तेवढा वेळ माझा जीव इंजिन चालवणाऱ्याच्या हातात असतो. त्याने जरासा धक्का दिला की माझी चटणी.

काल ओमप्रकाश चेंडू घेऊन सुसाट निघाला होता. समोरच्या रिसाली संघाच्या एका गड्याने त्याला पाय घातला. फाउलच होता, पण हा पडला नाही, चेंडू याच्याचपाशी, समोर मोकळं मैदान. म्हणून मी दोन्ही हातांनी 'खेळत राहा' अशी खूण केली. तर हा शहाणा जागीच उभा! रिसालीवाल्यांनी चेंडू पळवून गोल ठोकला. ओमप्रकाशने धावत येऊन माझी कॉलर धरली, मी लाल कार्ड काढलं. बाहेर जाताना तो ओरडला, "उद्या यार्डात भेटतोच तुमाले!"

सामन्याचा रिपोर्ट माझ्या खिशात होता. दुपारी कमिटीला दिला की त्याचं वर्षभर खेळणं बंद. हे त्यालाही ठाऊक होतं.

यार्डात तो इंजिनाच्या खिडकीतून माझ्याकडे नुसता बघत राहिला. रामराम नाही, काही नाही. माझी पाचावर धारण बसली होती, उगाच कशाला लपवू? इंजिन डब्यांकडे येऊ लागलं आणि हातातून माझी लाल झेंडी सुटून रुळात पडली. नव्या माणसाला मी ज्यासाठी शिव्या घालतो तेच मी केलं. झेंडी उचलायला रुळात शिरलो. पाय खडीत घसरला, गुडघ्यावर आपटलो. वर पाहिलं तर इंजिन अंगावर येत होतं. मेलो, याला आयतीच संधी मिळाली, एवढंच मनात आलं. दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले.

ब्रेक किंचाळले. इंजिन चार पावलांवर थांबलं.

ओमप्रकाश खाली उतरला. त्याचाही चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने मला धरून उभं केलं.

"दोन्ही हात वर म्हंजे थांब," तो धापा टाकत म्हणाला. "चौदा वर्षं हेच पाहून राहिलो, भाऊ. काल बी तुमचे हात असेच डोक्यावर गेले, अन् मी थांबलो. तेच सांगाले भेटतो म्हणलं होतं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. 'खेळत राहा' म्हणायचं तर हात पुढे पसरायचे असतात. यार्डाच्या सवयीने मी ते सरळ डोक्यावर नेले होते.

"कॉलर धरली ते चुकलंच माहं," तो म्हणाला.

"तुहं लिहिलं हाय," मी म्हणालो. "माहं लिहाचं राहिलं."

तिथेच रिपोर्ट काढून मी एक ओळ वाढवली: खूण रेफरीची चुकली. आता कमिटी माझी शिट्टी काढून घेईल या धास्तीने अक्षर वाकडं आलं. मग तो इंजिनावर चढला, त्याने इंजिन डब्यांना टेकवलं, आणि मी मध्ये वाकलो. पाइप जोडायला दुप्पट वेळ लागला. तेवढा वेळ इंजिन तसूभरही हललं नाही.