बोलणारा एकच

"स्ट्रेचर जिन्यात वळणार नाही," फरशीवर उताणा पडलेला जॅक म्हणाला. "उगाच भिंतीचा रंग खरवडू नका."

हा रुग्ण आहे की इमारतीचा मालक, हेच रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला कळेना. पण त्या जिन्याची नस न् नस जॅकला ठाऊक होती. इमारतीतली बहुतेक कपाटं आणि फ्रिज त्यानेच वर चढवले होते. सामान हलवणं हा त्याचा धंदा. जिन्यात ओझ्याच्या खालच्या बाजूला तो असायचा आणि वर त्याचा जोडीदार, ज्याला सगळे उंच्या म्हणत. सगळा भार खालच्यावर येतो, म्हणून गाडी उचलायच्या जॅकवरून त्याचं नाव जॅक पडलेलं. दोघांचा नियम एकच होता. जिन्यात बोलणारा एकच, तोही वरचा, कारण पायऱ्या त्याला दिसतात. खालच्याने भार पेलायचा आणि तोंड मिटून ठेवायचं. जॅकची उमेदीची सगळी वर्षं अशी तोंड मिटून गेली होती, आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

कमरेने दगा दिला तो एका लोखंडी कपाटाखाली. डॉक्टरीणबाईंनी एमआरआयचा फोटो उजेडात धरून दाखवला होता. दोन मणक्यांमधली गादी सरकून बाहेर आली होती आणि पायाकडे जाणारी नस दाबत होती. आधी आराम, गोळ्या आणि व्यायाम, बऱ्याच जणांचं तेवढ्यावरच भागतं, असं त्यांनी समजावलं. नाहीच भागलं तर नसेजवळ इंजेक्शन, आणि ऑपरेशन सगळ्यात शेवटी. मात्र पाय लुळा पडला किंवा लघवी अडली, तर विचार करत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. आणि काहीही केलं तरी यापुढे ओझं उचलायचं नाही, हेही त्यांनी सांगितलं. बाकी सगळं तिथेच सोडून जॅक हे शेवटचं वाक्य तेवढं घरी घेऊन आला आणि रात्रंदिवस चघळत बसला.

कामावरचे मालक समाचाराला आले आणि ऑफिसात फोनपाशी स्टूल देतो म्हणाले. माणूस चांगल्या मनाने बोलत होता, पण जॅकच्या डोक्यात तिडीक गेली. फोनच उचलायचा असता तर एवढी वर्षं कपाटं कशाला उचलली असती, असं त्याने तोंडावर सुनावलं. मालक चहा अर्धा टाकून गेले.

मग त्याने व्यायाम असा मनावर घेतला की बायकोला घोर लागला. गुडघे वाकवून झोपायचं आणि कंबर हळूच वर उचलायची, एवढंच त्याला सांगितलं होतं. पण नुसती कंबर उचलणं हे त्याला काम वाटेना. बिनवजनाचं काही उचललं तर अंगाला ते कळणार कसं? बायको बाजारात गेली की तो पाण्याचा भरलेला कॅन पोटावर ठेवून कंबर उचलू लागला. पट्टीचा हमाल तो. एके दिवशी आत काहीतरी सटकलं, तेव्हा त्याने कॅन निमूट जागेवर ठेवला आणि कोणाला चकार शब्द सांगितला नाही.

त्यानंतर उजव्या पायातली चप्पल निसटू लागली. त्याने ती सुतळीने बांधली. आज सुतळी बांधायची राहिली, तर चप्पल स्वयंपाकघरात आणि हा बाल्कनीत. एक पाय अनवाणी आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. बायकोने ते पाहिलं. तिने खोदून विचारलं तेव्हा सकाळपासून लघवीही झाली नसल्याचं कळलं. तेवढ्यात तो मागे फिरायला गेला आणि पाय दुमडून तिथेच कोसळला. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, नंतर उंच्याला. बाई म्हणाल्या, गाडी पाठवते, ताबडतोब आणा, आजच ऑपरेशन करावं लागेल.

"मी जाणार नाही," जॅक म्हणाला. "ऑपरेशन झालं की मी सामान झालो. लोक मला इकडून तिकडे ठेवतील."

"भांडायचंय ना?" बायकोने कपड्यांची पिशवी भरता भरता विचारलं. "मग पायावर उभं राहून भांडा. डॉक्टरांशी भांडा, मालकांशी भांडा. असं आडवं पडून काय भांडता?"

जॅकने हात पुढे केला. "उभं करा मला," तो म्हणाला. "आडवं काही या जिन्यात वळत नाही. खुर्ची आणा."

ड्रायव्हरने ओशाळून सदरा वर केला. त्याच्याही कमरेला पट्टा होता आणि उचलायची सक्त मनाई होती. बायकोने स्वयंपाकघरातली चप्पल आणून त्याच्या उजव्या पायात सरकवली. मग तोवर येऊन पोचलेल्या उंच्याने जॅकला खुर्चीत बसवलं आणि फ्रिजला बांधतात तसं पट्ट्यांनी आवळलं. मध्ये घोंगडी घातली, माल घासू नये म्हणून. कळा मस्तकात जात होत्या, तरी जॅकला हसू आलं.

उंच्या आयुष्यात पहिल्यांदा खालच्या बाजूला गेला. वरची बाजू बायकोने धरली. पहिल्याच पायरीला खुर्ची कलली आणि दोघं एकदम बोलायला लागले.

"गप्प," जॅक म्हणाला. "बोलणारा एकच."

आणि तो बोलू लागला. पायरी. पायरी. अगं, कंबर नको वाकवूस, गुडघे वाकव. उंच्या, भिंतीला चिकटून. आता वळण, दम घ्या. एवढ्या वर्षांचं मिटलेलं तोंड उघडलं होतं. घामाने तो निथळत होता, पण आवाज खणखणीत होता. दारं उघडून बघणाऱ्यांपैकी कोणी हळहळलं नाही, उलट लोक झटपट बाजूला झाले. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाय नेमके तो सांगेल तिथे पडत होते.

खाली खुर्ची टेकली, तेव्हा उंच्या मटकन शेवटच्या पायरीवर बसला. "इतका भार असतो होय खाली?" तो म्हणाला. "कधी बोलला नाहीस."

"बोलायचं तुझं काम होतं."

ड्रायव्हर आणि उंच्या मिळून पट्टे सोडवू लागले. तेव्हा बायकोचं लक्ष त्याच्या उजव्या पायाकडे गेलं. चप्पल नव्हती. वरच्या वळणावर कुठेतरी पडली होती आणि जॅकला कळलं नव्हतं. त्याने पायाकडे पाहिलं. अंगठा हलवून बघितला. अंगठा हलला नाही. त्याला मनातून भीती वाटली, फार भीती वाटली.

उंच्या जिन्याकडे धावला.

"आणू नकोस," जॅक मागून म्हणाला. "राहू दे तिथेच. घरी येताना घालीन."

गाडी सुरू होईपर्यंत उंच्या परत आला, रिकाम्या हातांनी.

"भिंतीकडेला नीट ठेवली," तो म्हणाला. "तोंड वरच्या पायरीकडे करून."